ग्रुपच्या सरासरीचा लाईन ग्राफ भलताच आला? हे बघा

आमच्याकडे मदतीला येणाऱ्या फाईलींमध्ये ही तक्रार नेहमीची, ग्रुपवाइज सरासरीचा लाईन ग्राफ काढला आणि कुणाची लाईनच आली नाही, कुणाची करवतीच्या दात्यांसारखी वरखाली झाली, कुणाची मस्त आली पण आकडे रिपोर्टमधल्या टेबलशी जुळेनात. यातल्या बऱ्याच गोष्टी तुमच्या तुम्हालाच दुरुस्त करता येतात म्हणून हे पत्रक.

सगळीकडे एकच उदाहरण घेतोय. दोन ग्रुप, एक औषधवाला आणि एक कंट्रोल, पेशंटच्या अनेक भेटी, आणि प्रत्येक भेटीत मोजलेलं वरचं ब्लड प्रेशर.

आधी टेबल, मग ग्राफ

ग्राफच्या सेटिंगमध्ये बोटं घालायच्या आधी एक छोटं टेबल काढा, प्रत्येक ग्रुप, प्रत्येक भेट, सरासरी किती आणि ती किती जणांची. आकडेशास्त्राच्या सॉफ्टवेअरपैकी एसपीएसएसमध्ये मीन्स कमांड, स्टेटात टॅबस्टॅट, आरमध्ये ग्रुप बाय आणि समराइज, एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, काहीही चालेल. फक्त पिव्होट आपणहून बेरीज लावतो, आणि कॉलममध्ये टेक्स्ट असेल (जुन्या एक्सेलमध्ये रिकामे सेल असले तरी) तर नुसती मोजणी, त्यामुळे तिथे ॲव्हरेज निवडलंय ना ते बघा. आता टेबलच चुकलेलं दिसलं तर भानगड डेटात आहे आणि टेबल बरोबर असून ग्राफ वेगळा असेल तर भानगड ग्राफमध्ये. एवढं ठरलं की निम्मं काम झालं, खरंच.

लाईनच येत नाही

हा आरमधल्या जीजीप्लॉटचा, म्हणजे ग्राफ काढायच्या पॅकेजचा, खास प्रकार. ठिपके दिसतात, लाईन नाही, आणि खाली "प्रत्येक ग्रुपमध्ये एकच नोंद आहे" अशा अर्थाचा मेसेज येतो. कारण असं की आडव्या अक्षावर टेक्स्ट किंवा फॅक्टर (ठरावीक गटांचा कॉलम, त्यातला प्रत्येक गट म्हणजे एक लेव्हल) असला की जीजीप्लॉट प्रत्येक भेटीला वेगळा ग्रुप धरतो, आणि एका ठिपक्याची लाईन कशी काढणार. औषध-कंट्रोलला वेगवेगळे रंग दिले तरी उपयोग होत नाही, कारण तो रंग आणि भेट दोन्ही मिळून ग्रुप बनवतो. एकच लाईन हवी तर ग्रुप इज इक्वल टू १ लिहा, दोन हव्या तर ग्रुपला औषध-कंट्रोलचा कॉलम द्या. बस.

लाईन वरखाली उड्या मारते

म्हणजे तुम्ही सरासरी काढलीच नाहीये, कच्चा डेटा थेट लाईनला दिलाय, आणि एका भेटीतली वीस रीडिंग एकाच उभ्या रेघेवर एकमेकांना जोडली गेलीयेत. एक तर आधी सरासरीचं टेबल करून ते द्या किंवा जीजीप्लॉटला स्टॅट समरी या फंक्शनमधून मीन, म्हणजे सरासरी, काढायला सांगा. नेटवरचा जुना कोड उचलला असेल तर त्यात 'फन डॉट वाय' असतं, ते ३.३.० व्हर्जनपासून जुनं ठरवलंय, आता नुसतं 'फन' लिहायचं.

स्टेटात जरा वेगळं होतं. तिथे सरासरी बरोबर असली तरी लाईन रो ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने ठिपके जोडत जाते, सॉर्ट ऑप्शन टाकला नाही तर गिरगोटाच. आणि कोलॅप्स (सरासऱ्यांचं टेबल करणारी कमांड) चालवण्याआधी प्रिझर्व्ह (डेटा जपून ठेवणारी कमांड) करायला विसरू नका, मेमरीतला मूळ डेटा जाऊन तिथे नुसत्या सरासऱ्या उरतात.

भेटींचा क्रम आणि अंतर

भेट १, मग भेट १०, मग भेट २ असं आलं तर सॉफ्टवेअर ते टेक्स्ट म्हणून अक्षरांप्रमाणे लावतंय, फॅक्टरच्या लेव्हल हाताने ठरवून द्या. पण याहून वाईट चूक दिसतच नाही. समजा रीडिंग ०, ४, १२ आणि २४ व्या आठवड्यात घेतलीत आणि आरमध्ये तो फॅक्टर थेट नंबरमध्ये बदलला, तर आठवडे न मिळता १, २, ३, ४ मिळतात. ग्राफ छान दिसतो पण सगळे उतार खोटे. आधी कॅरेक्टर करा, मग नंबर. एक्सेलचा लाईन चार्टही तारखा नसतील तर सगळे बिंदू सारख्या अंतरावर मांडतो, अंतर खरं हवं असेल तर स्कॅटर चार्ट घेऊन त्यात लाईन चालू करा.

सरासरी अचानक उसळते किंवा घसरते

मिसिंगसाठी, म्हणजे न मिळालेल्या रीडिंगच्या जागी, ९९९ टाकायची सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. वीस पेशंट, एकोणीस जणांचं रीडिंग १४० आणि एकाचं ९९९, सरासरी जवळजवळ १८३! एसपीएसएसमध्ये व्हेरिएबल व्ह्यूमध्ये जाऊन ९९९ हे मिसिंग आहे असं सांगावं लागतं, ते स्वतःहून ओळखत नाही. आरमध्ये उलटं, एक जरी एनए (आरची मिसिंगची खूण) असला तरी सरासरीच एनए येते आणि तो बिंदू ग्राफमधून गायब होतो, एनए रिमूव्ह ट्रू करा. स्टेटात मिसिंग हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरतात, त्यामुळे "१४० पेक्षा जास्त" अशी अट टाकली की मिसिंगवालेही आत येतात.

आणि अक्ष कापताना जपून. जीजीप्लॉटमध्ये वायलिमने १०० ते १६० अशी मर्यादा घातली तर १६० च्या वरची रीडिंग नुसती लपत नाहीत, आधी काढून टाकली जातात आणि मग सरासरी काढली जाते, म्हणजे लाईनच खाली येते. वॉर्निंग येते पण ती वाचतो कोण. नुसतं झूम करायचं असेल तर कोऑर्ड कार्टेशियन वापरा.

एसपीएसएसचा ग्राफ टेबलशी जुळत नाही

जनरल लिनियर मॉडेलमधून प्रोफाइल प्लॉट काढला असेल तर तो तुमच्या डेटाची साधी सरासरी दाखवत नाही, मॉडेलने काढलेली सरासरी दाखवतो. वय कोव्हेरिएट (ज्याचा परिणाम हिशोबात धरायचा तो जादा आकडा) म्हणून टाकलं असेल तर सगळ्यांचं वय सरासरीएवढं धरून. चूक नाहीये ती, फक्त खाली तसं लिहा. प्रोफाइल प्लॉट नसेल तर खालच्या पट्टीवर फिल्टर, वेट किंवा स्प्लिट चालू राहिलंय का बघा.

एरर बार नक्की कशाचे

एरर बार म्हणजे सरासरीच्या वरखाली काढलेली उभी रेघ. ती कशाची हे न लिहिलेले ग्राफ आम्ही परत पाठवतो, कारण वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. पंचवीस पेशंट आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (रीडिंग किती पसरलीत) १० असेल तर स्टँडर्ड एरर (सरासरी किती इकडेतिकडे होऊ शकते) २ आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण अधिक-उणे ४, तीनही बार बरोबरच पण दिसायला किती वेगळे. जीजीप्लॉटची स्टॅट समरी काही न सांगता स्टँडर्ड एरर लावते, पायथनचं सीबॉर्न ९५ टक्क्यांचा इंटरव्हल लावतं आणि तो बूटस्ट्रॅपने, म्हणजे डेटातून पुन्हा पुन्हा रँडम नमुने घेऊन, काढतं, म्हणून दर वेळी पट्टा किंचित हलतो. घाबरू नका, सीड (रँडम निवड दर वेळी सारखी ठेवणारा आकडा) द्या.

दोन ग्रुपचे ९५ टक्केवाले बार एकमेकांवर थोडे आले म्हणून फरक नाही असं ठरवू नका, ते टेस्टवर सोडा. आणि तेच पेशंट प्रत्येक भेटीत असतील तर साधे बार भेटी-भेटींमधल्या बदलाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत, कारण त्यात माणसामाणसातला फरकही मिसळलेला असतो. त्यासाठी लॉफ्टस आणि मॅसन यांनी १९९४ मध्ये वेगळी पद्धत दिली, कुझिनोने २००५ मध्ये सोपी केली आणि मोरीने २००८ मध्ये त्यात दुरुस्ती सुचवली, ते हिशोब हवे असतील तर आम्हाला सांगा.

ग्राफ बरोबर, तरी फसवा

एका ग्रुपमध्ये पाच जण, १२०, १३०, १४०, १५०, १६०, सरासरी १४०. पुढच्या भेटीला शेवटचे दोघं आलेच नाहीत, बाकी तिघांचं जसंच्या तसं, सरासरी १३०. लाईन दहाने उतरली आणि एकाचंही ब्लड प्रेशर कमी झालेलं नाही! हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगणार नाही, म्हणून टेबलात माणसांचा आकडा हवा म्हणतो आम्ही, आणि शक्य असेल तर तो ग्राफच्या खाली प्रत्येक भेटीपाशी लिहाच.

आमच्याकडे पाठवताना

ग्राफचा नुसता फोटो नको. डेटा फाईल, कोड किंवा सिंटॅक्स, सॉफ्टवेअरचं व्हर्जन, आलेला मेसेज जसाच्या तसा, आणि वरचं टेबल. पेशंटची नावं आणि फोन नंबर आधी काढून टाका, आम्हाला ते लागत नाहीत, साधा अनुक्रमांक पुरतो.