लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाची धास्ती : मराठवाड्यातील पार्श्वभूमी

मराठवाड्यातून दूरवरच्या राज्यांत माल नेणाऱ्या चालकांपैकी अनेकांना छातीत धडधडणे, तळहातांना घाम सुटणे, स्टेअरिंगवर बसताच जीव घाबरा होणे असा त्रास होतो. त्यावर श्वसनाचे व्यायाम, समुपदेशन आणि औषधे सुचवली जातात. हे उपाय खरे आहेत. परंतु ही धास्ती चालकाच्या मूळ स्वभावातच असते असे धरून चालले, तर निम्मी हकीकत हातातून सुटते. चालकाचा स्वतःच्या वेळेवरचा ताबा हळूहळू सुटत गेला आणि त्याच काळात केबिनमधला दुसरा माणूसही कमी झाला. आजच्या त्रासाची मुळे मुख्यतः या दोन गोष्टींत आहेत.

हा प्रदेश ट्रकवर इतका अवलंबून का राहिला, याचे उत्तर रेल्वेच्या इतिहासात सापडते. निजामी राजवटीत 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद हा मार्ग मीटरगेजचा, म्हणजे अरुंद रुळांचा, झाला आणि मनमाडला येणारा मुख्य मार्ग मात्र ब्रॉडगेजचा, म्हणजे रुंद रुळांचा, होता. त्यामुळे मुंबईकडे जाणारा माल मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. या मार्गाचे रुंदीकरण 1990 च्या दशकात सुरू झाले, आणि बीड शहराला रेल्वे मिळण्यासाठी 17 सप्टेंबर 2025 ही तारीख उजाडावी लागली. दरम्यान लातूरची तूरडाळ, जालन्याची सळई आणि मोसंबी, परभणीच्या कापसाच्या गाठी आणि वाळूज औद्योगिक वसाहतीतला माल हे सारे रस्त्यानेच बाहेर पडत राहिले.

चालकही याच मातीतून आले. कोरडवाहू जमीन आणि 1972 सारखे दुष्काळ यांमुळे ज्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघत, त्याच गावांतली काही पोरे क्लीनर म्हणून गाडीवर चढली. गाडी शिकण्याची शाळा तीच होती. क्लीनर उस्तादाच्या हाताखाली काही वर्षे काढी, टायर बदली, काच पुसे, चढावर गाडी थांबली की खाली उडी मारून चाकामागे दगड लावी, आणि मग कधीतरी रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर त्याच्या हाती स्टेअरिंग येई. त्याची खरी कामगिरी मात्र कोणत्याही हिशेबात लिहिली गेली नाही. तो चालकाशी बोलत राही, डुलकी ओळखे, चालक झोपला की डिझेलवर आणि ताडपत्रीवर नजर ठेवी. येरमाळ्याच्या येडेश्वरीपुढे फोडलेला नारळ, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगर, ढाब्यावरची बाज आणि दसऱ्याची गाडीपूजा यांनीही मनाला आधार दिलाच. पण भीती दोघांत वाटून घेण्याची रोजची सोय क्लीनरमुळेच होती, असे माझे मत आहे.

पल्ला वाढला तो परवान्यांमुळे. 1975 मध्ये एकाच परवान्यावर अनेक राज्यांत माल नेऊ देणारी राष्ट्रीय परवान्याची योजना आली आणि 2010 मध्ये ठरावीक शुल्कात देशभर फिरण्याची मुभा देणारी नवी पद्धत लागू झाली. घराबाहेरचे दिवस त्या प्रमाणात वाढले, कारण परतीचे भाडे मिळेपर्यंत परमुलखातल्या ट्रान्सपोर्ट नगरात गाडी उभी ठेवण्यावाचून गत्यंतर नसे.

कामाच्या तासांवर कायद्याचे बंधन नव्हते असे मात्र नाही. मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 ने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, लांब पल्ल्यासाठी ती 10 आणि 54 पर्यंत वाढवता येई, आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. गोम अशी होती की हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांनाच लागू होई, आणि आपल्याकडचा बहुतांश धंदा एक-दोन गाड्यांच्या मालकांचा. पुढे हा कायदा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली असून तिच्यात कामगारसंख्येचा उंबरठा दहा आहे. म्हणजे छोट्या मालकाकडचा चालक होता तिथेच राहिला.

क्लीनर का गेला, याची कारणे साधी आहेत. ट्यूबलेस टायर आणि पॉवर स्टेअरिंग आल्यावर त्याचे अंगमेहनतीचे काम घटले, भाड्यातून दोन माणसांचा खर्च निघेना, आणि पोरांनाही पुण्याच्या कंपन्या अधिक बऱ्या वाटू लागल्या. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असण्याची अटही 2018 मध्ये शिथिल झाली. बचत मालकाच्या खिशात गेली, आणि रात्री दोन वाजता बोलायला कोणी नसणे चालकाच्या वाट्याला आले.

घड्याळही याच सुमारास केबिनमध्ये शिरले. जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर जकात आणि कराचे तपासणी नाके उठले, ही मोठीच सुटका होती. परंतु एप्रिल 2018 पासून ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारा ऑनलाइन काढलेला वाहतूक दाखला, आले. त्याची मुदत आधी 100 किलोमीटरला एक दिवस अशी होती आणि 1 जानेवारी 2021 पासून ती 200 किलोमीटरला एक दिवस झाली. समजा, जालन्याहून सळई भरून निघालेली गाडी वाटेत बिघडली. मुदत वाढवता येते, पण ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तासांनंतरपर्यंतच, आणि ते काम ऑफिसात बसलेला माणूस करणार. तो फोन उचलत नसेल, तर गाडी अडवली जाण्याची भीती मात्र चालकाने सोसायची. शिवाय जीपीएसमुळे गाडी कुठे उभी आहे हे शेठला घरबसल्या दिसते, आणि चहाला थांबले तरी फोन वाजतो.

रस्त्याने भीतीचे रूप बदलले. कन्नडच्या औट्रम घाटात ब्रेक तापल्याचा वास आणि समोरून येणाऱ्या गाडीचा अंदाज, ही भीती जुनी व ओळखीची होती. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने अवजड वाहनांना तो घाट बंद झाला आणि तिची जागा फेऱ्याच्या वाटेने व वेळेच्या विवंचनेने घेतली. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर तर घाटाचा प्रश्नच फारसा नाही. तेथे सरळ, एकसुरी रस्ता स्वतःच झापड आणतो.

जानेवारी 2024 मध्ये राज्यभर गाड्या उभ्या राहिल्या, त्यामागे भारतीय न्याय संहितेतील कलम 106(2) होते. अपघातानंतर पोलीस वा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद, अशी ही तरतूद. संहिता 1 जुलै 2024 रोजी लागू झाली, तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवण्यात आले. अपघात झाला तर थांबावे की जमावाच्या मारातून जीव वाचवावा, हा पेच चालकांच्या मनात आधीपासूनच होता. संपाने तो फक्त चव्हाट्यावर आणला.

आरोग्ययंत्रणेचे लक्ष चालकांकडे गेले ते 1990 च्या दशकात, एड्सच्या निमित्ताने. रोग पसरवणारा गट म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले. तपासणी झाली, निरोध वाटले गेले, आणि झोप किंवा मन यांविषयी विचारणे राहून गेले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 मध्ये सुरू झाला, तरी दिवसा चालणारी जिल्हा रुग्णालयातील ओपीडी फिरत्या माणसाच्या सोयीची नसतेच. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा त्या मानाने उपयुक्त ठरते, कारण 14416 हा क्रमांक चोवीस तास कुठूनही लावता येतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

चालकाने स्वतः काय करावे, याचाही या पार्श्वभूमीशी संबंध आहे. अपुऱ्या झोपेने मेंदूची भीतीची प्रतिक्रिया तीव्र होते, आणि पहाटेपूर्वीच्या तासांत शरीराची सतर्कता तशीही सर्वांत कमी असते. ती भरून काढण्यासाठी घेतलेला कडक चहा आणि तंबाखू धडधड आणखी वाढवतात. घबराटीचा झटका सहसा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचून ओसरू लागतो. तेव्हा पेट्रोलपंपावर किंवा वाहनतळावर गाडी उभी करून, श्वास घेण्यापेक्षा तो सोडण्यास जास्त वेळ लावत बसावे. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर मात्र मन शांत करीत न बसता 108 ला फोन करावा. अल्प्राझोलमसारख्या घबराटीवरच्या गोळ्यांनी सुस्ती येते आणि प्रतिसाद मंदावतो, म्हणून त्या घेऊन गाडी चालवू नये आणि ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून परस्पर आणू नयेत. डॉक्टरांकडे गेल्यावर आपण रात्री अवजड गाडी चालवतो हे सुरुवातीलाच सांगावे, म्हणजे औषध आणि त्याची वेळ त्या कामाकडे पाहून ठरवता येते.