आयबीएम पीसी (मॉडेल ५१५०) : मदरबोर्ड

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केलेल्या पर्सनल कॉम्प्युटरचा मुख्य सर्किट बोर्ड. कंपनीच्या पुस्तिकांत त्याला ‘सिस्टिम बोर्ड’ म्हटले आहे. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालील छोट्या गटाने तो सुमारे वर्षभरात उभा केला. त्यावर इंटेल ८०८८ प्रोसेसर, ८०८७ या गणिती सहप्रोसेसरसाठी रिकामे सॉकेट, जादा कार्डे बसवण्यासाठी ६२ संपर्कांचे पाच विस्तार-स्लॉट आणि मागच्या बाजूला कीबोर्ड व कॅसेट रेकॉर्डर यांची जोडणी असे. या दोन्ही जोडण्या दिसायला अगदी सारख्या, पाच पिनांच्या गोल होत्या.

प्रोसेसरच्या निवडीबद्दल मतभेद आहेत. ८०८८ आतून १६ बिटांचा, पण बाहेरचा डेटा-मार्ग ८ बिटांचा. एका मतानुसार ८ बिटांच्या स्वस्त, सहज मिळणाऱ्या साहाय्यक चिपा वापरता याव्यात म्हणून तो घेतला. दुसऱ्या मतानुसार मोटोरोला ६८००० हा पर्यायी प्रोसेसर तेव्हा पुरेशा संख्येने मिळण्याची खात्री नव्हती. गटातील काही जणांनी आधी इंटेलच्याच ८०८५ वर आधारलेल्या ‘डेटामास्टर’ यंत्रावर काम केले होते, याकडे तिसरे मत लक्ष वेधते. पीसीच्या स्लॉटांची रचना डेटामास्टरच्या स्लॉटांशी फार जवळची आहे. त्यामुळे पहिले व तिसरे मत एकत्र धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

बोर्डाची सगळी लय १४.३१८१८ मेगाहर्ट्झच्या एकाच स्फटिकावर चालते. या संख्येला चाराने भागले की ३.५७९५ मेगाहर्ट्झ, म्हणजे अमेरिकी रंगीत दूरदर्शन संचाला लागणारी रंगवाहक वारंवारता मिळते. तिनाने भागले की प्रोसेसरचे ४.७७ मेगाहर्ट्झ आणि बाराने भागले की ८२५३ टायमरचे १.१९३ मेगाहर्ट्झ. ८०८८ ची क्षमता ५ मेगाहर्ट्झ असूनही तो थोडा हळू का चालवला, याचे उत्तर या भागाकारात आहे. टीव्हीवरचा रंग जुळवण्यासाठी स्क्रू फिरवून बदलता येणारा एक छोटा कपॅसिटरही बोर्डावर दिला होता.

टायमरला तीन वाहिन्या आहेत. पहिली सेकंदाला सुमारे १८.२ वेळा प्रोसेसरला व्यत्यय देऊन घड्याळ चालवते, तिसरी स्पीकर वाजवते. मधली मात्र नजरेआड राहून फार मोलाचे काम करते. डायनॅमिक मेमरीतील विद्युतभार गळत असतो, म्हणून तिच्या १२८ ओळी दर २ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा ताज्या कराव्या लागतात. ही वाहिनी सुमारे १५ मायक्रोसेकंदांनी ८२३७ डीएमए नियंत्रकाला (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी थेट व्यवहार करणाऱ्या चिपेला) इशारा देते आणि तो एक खोटे वाचन करून एक ओळ ताजी करतो. १२८ ओळींचा फेरा १.९३ मिलिसेकंदांत, म्हणजे मुदतीच्या जेमतेम आत पुरा होतो. स्वतंत्र रिफ्रेश सर्किटाचा खर्च त्यामुळे वाचला. हे काटकसरीच्या अभियांत्रिकीचे सुंदर उदाहरण आहे.

मूळ बोर्डावर १६ ते ६४ किलोबाइट मेमरी बसे. चार ओळी, प्रत्येक ओळीत नऊ चिपा. पहिली ओळ झाळलेली, बाकीच्या सॉकेटांत. नववी चिप पॅरिटीची, म्हणजे बाकी आठ बिटांतील चूक पकडणाऱ्या पडताळणी-बिटाची. तिचा हिशेब चुकला की पडद्यावर ‘पॅरिटी चेक १’ उमटून यंत्र थांबे. पुढच्या आवृत्तीत हीच मर्यादा ६४ ते २५६ किलोबाइट झाली.

बोर्डावर काय काय बसवले आहे, हे यंत्राला हाताने सांगावे लागे. त्यासाठी आठ-आठ डिप स्विचांचे (चिमुकल्या चालू-बंद कळांचे) दोन गट होते. पहिल्या गटात फ्लॉपी ड्राइव्ह आहे का व किती, ८०८७ आहे का, बोर्डावरच्या किती ओळी भरल्या आहेत आणि मॉनिटर कोणता, ही माहिती असे. ड्राइव्ह नाही असे सांगितल्यास यंत्र थेट रॉममधील (कायम साठवणीच्या चिपांतील) कॅसेट बेसिक ही प्रोग्रामिंग भाषा सुरू करी. स्विच सरकवायला पेन्सिल वापरणे धोक्याचे, कारण ग्रॅफाइटची भुकटी वीज वाहून नेते. बॉलपेनचे टोक बरे.

दुसरा गट विस्तार-कार्डांवरील मेमरीसाठी होता आणि त्याच्याशी निगडित एक मर्यादा नेहमी चुकीने प्रोसेसरची म्हणून सांगितली जाते. २४ एप्रिल व १९ ऑक्टोबर १९८१ या तारखांचे बायोस (यंत्र सुरू होताच चालणारे, रॉममधील मूळ प्रोग्राम) ५४४ किलोबाइटच्या पुढे मेमरी मोजत नसत. ही मर्यादा प्रोसेसरची नव्हे. ते बायोस चारच स्विच वाचत. चार स्विचांनी जास्तीत जास्त १५ ही संख्या दाखवता येते. ३२ किलोबाइटचे १५ गट म्हणजे ४८०, त्यात बोर्डावरचे ६४ मिळवले की ५४४. २७ ऑक्टोबर १९८२ च्या बायोसने पाचवा स्विचही वाचला आणि ६४० किलोबाइटपर्यंतची वाट मोकळी झाली. कार्डांवरचे रॉम शोधून चालवण्याची सोयही याच बायोसमध्ये आली. म्हणून स्वतःचे रॉम असलेले हार्ड डिस्क कार्ड जुन्या यंत्रात घालायचे, तर आधी ही एक चिप बदलावी लागे.

आयबीएमने सर्किटांचे आराखडे व बायोसची संपूर्ण संहिता तांत्रिक पुस्तिकेत छापली. सुसंगत यंत्रे लवकर निघण्यास त्याचा हातभार लागला, मात्र बायोसवर प्रताधिकार असल्याने तो इतरांना नव्याने लिहावा लागला. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडली होती. त्यामुळे येथे ही रचना मुख्यतः देशी कंपन्यांच्या सुसंगत यंत्रांतून, तीही बहुधा एक्सटी या आयबीएमच्या पुढच्या मॉडेलच्या रूपात आली. १९८३ च्या एक्सटीमध्ये स्लॉट आठ झाले, कॅसेटची जोडणी गेली आणि स्विचांचा एकच गट उरला. त्यानंतरच्या, १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये स्विचांवरची ही बहुतेक माहिती बॅटरीवर टिकणाऱ्या सीमॉस मेमरीत गेली.