चीनमधील लैंगिक परिवर्तन

प्रेम, विवाह, शरीरसंबंध आणि अपत्यप्राप्ती यांविषयीच्या चिनी समाजाच्या धारणांत व आचारात, विशेषतः १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांच्या काळात झालेला बदल. याला सर्रास ‘लैंगिक क्रांती’ म्हटले जाते. पण मोर्चे, जाहीरनामे असे काही तिथे फारसे घडले नाही. सरकारने लोकांच्या घरातून हळूहळू पाय काढता घेतला, बाजाराने ती जागा व्यापली आणि तरुणांनी फारसा गाजावाजा न करता आपले आयुष्य बदलले. आईवडील मात्र कुठेच गेले नाहीत.

कन्फ्यूशियन परंपरेत पातिव्रत्याचा भार एकट्या स्त्रीवर होता. पुनर्विवाह न करणाऱ्या विधवांच्या गौरवार्थ गावोगावी कमानी उभारल्या जात आणि सधन पुरुष उपपत्नी ठेवत. या दुटप्पीपणावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नवशिक्षितांनी हल्ला चढवला. १९२२ मध्ये मार्गारेट सँगर यांनी बीजिंगमध्ये संततिनियमनावर व्याख्यान दिले, तेव्हा दुभाषी होते विचारवंत हू शी. १९२६ मध्ये प्राध्यापक झांग जिंगशेंग यांनी सामान्य लोकांच्या लैंगिक अनुभवकथनांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि आयुष्यभराची बदनामी ओढवून घेतली. (पुढच्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. त्यांच्याही वाट्याला काही वेगळे आले नाही.)

कम्युनिस्ट सत्तेने १९५० च्या विवाह कायद्याने बालविवाह, उपपत्नी ठेवणे आणि सक्तीचे विवाह बंद केले. स्त्रियांना घटस्फोट मागता येऊ लागला. त्यांनी तो इतक्या संख्येने मागितला की लोक या कायद्याला ‘घटस्फोटाचा कायदा’ म्हणू लागले. कुंटणखानेही बंद झाले. मात्र नवऱ्यासासऱ्याच्या जागी आता ‘दानवेई’, म्हणजे नोकरीचे ठिकाण, येऊन बसले. लग्न नोंदवायचे तर दानवेईचे पत्र लागे. घरही तीच देई. विवाहबाह्य संबंधांची गणना ‘जीवनशैलीतील दोषा’त होई आणि तो शेरा कर्मचाऱ्याच्या फाइलमध्ये कायमचा राही. हॉटेलात एका खोलीत उतरायचे तर जोडप्याला विवाहाचा दाखला दाखवावा लागे. १९७९ च्या फौजदारी संहितेतील ‘गुंडगिरी’चे कलम तर इतके सैल होते की त्यात समलैंगिक संबंधांपासून घरगुती नृत्याच्या मेळाव्यांपर्यंत काहीही बसवता येई. १९८३ च्या ‘कठोर प्रहार’ या गुन्हेगारीविरोधी मोहिमेत त्याखाली मृत्युदंडही दिले गेले.

गंमत अशी, की संभोग आणि संतती यांची फारकत केली ती याच सरकारने. १९८० च्या सुमारास लागू झालेल्या एक-अपत्य धोरणाने गर्भनिरोधक साधने घरोघरी पोहोचवली. कारखान्यांत कुटुंबनियोजनाचे कर्मचारी स्त्रियांच्या पाळीची नोंद ठेवत; सक्तीचे गर्भपात व नसबंदीही झाल्या. धोरणाचा हेतू स्वातंत्र्याचा मुळीच नव्हता. तरीही एकदा मूल झाल्यावर शरीरसंबंध कशासाठी, या प्रश्नाचे ‘सुखासाठी’ हे उत्तर मग नाकारता येईना. समाजशास्त्रज्ञ पान सुइमिंग यांनी या बदलाच्या कारणांत एक-अपत्य धोरणाला मोठे स्थान दिले आहे.

नव्वदच्या दशकात गाठी भराभर सुटल्या. १९९३ मध्ये बीजिंगमध्ये लैंगिक साधनांचे पहिले दुकान उघडले, तेही ‘आरोग्य केंद्र’ या सोज्वळ नावाने. १९९७ मध्ये ‘गुंडगिरी’चे कलम गेले. २००१ मध्ये मनोविकारांच्या अधिकृत यादीतून समलैंगिकता वगळण्यात आली. २००३ पासून लग्नासाठी दानवेईचे पत्र लागेनासे झाले, तर २००५ मध्ये विद्यापीठातील विद्यार्थ्यांवरील विवाहबंदी उठली. समाजशास्त्रज्ञ ली यिनहे यांच्या १९८९ च्या बीजिंगमधील पाहणीत विवाहपूर्व संबंधांची कबुली देणारे सुमारे १५ टक्के होते. २०१२ च्या एका पाहणीत हे प्रमाण ७१ टक्क्यांपर्यंत गेलेले दिसते. दोन्ही पाहण्यांची पद्धत सारखी नाही आणि १९८९ मध्ये खरे सांगण्याची भीतीही जास्त होती. पण दिशेबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

घरातल्या अपेक्षा त्या वेगाने बदलल्या नाहीत. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी आईवडील उघड्या छत्र्यांवर कागद लावून बसतात: मुलामुलीचे जन्मवर्ष, उंची, शिक्षण, पगार, मालकीचा फ्लॅट आहे की नाही. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती मुले बहुधा तिथे नसतात. विशीच्या अखेरीसही अविवाहित असलेल्या शिकलेल्या मुलींना ‘उरलेल्या’ म्हणून हिणवले जाते. याच दबावापोटी अनेक समलैंगिक पुरुष स्त्रीशी लग्न करतात. काही वेळा समलैंगिक स्त्री-पुरुष संगनमताने नावापुरता संसार मांडतात. समलैंगिक विवाहाला कायद्याची मान्यता नाही. ली यिनहे यांनी तसा प्रस्ताव वारंवार पुढे केला, पण त्याला पाठबळ मिळाले नाही.

खासगीत मोकळीक आणि जाहीर बोलण्यावर लगाम, असे आजचे चित्र आहे. सार्वजनिक वाहनांतील लैंगिक छळाविरुद्ध पत्रके वाटण्याच्या तयारीत असलेल्या पाच स्त्रीवादी कार्यकर्त्यांना मार्च २०१५ मध्ये अटक झाली. २००९ पासून चालत आलेला शांघाय प्राइड हा समलैंगिक व इतर लैंगिक अल्पसंख्याकांचा वार्षिक महोत्सव २०२० मध्ये थांबला. बीजिंगचे एलजीबीटी केंद्र २०२३ मध्ये बंद झाले. लैंगिक शिक्षणाचेही असेच. २०१७ मध्ये पालकांच्या ओरडीमुळे हांगझौच्या एका प्राथमिक शाळेने त्यावरचे सचित्र पाठ्यपुस्तक परत घेतले. २०२१ पासून अल्पवयीनांच्या संरक्षण कायद्यात मात्र ‘लैंगिक शिक्षण’ हे शब्द प्रथमच आले.

मुले नकोत म्हणणारे सरकार आता मुले व्हावीत म्हणून मागे लागले आहे. दोन अपत्यांची मुभा २०१६ मध्ये आणि तीनची २०२१ मध्ये मिळाली. २०२१ च्या नागरी संहितेने संमतीच्या घटस्फोटासाठी ३० दिवस थांबणे बंधनकारक केले. याउलट २०१३ मध्ये सुमारे १ कोटी ३५ लाख असलेल्या विवाहनोंदी २०२४ मध्ये ६१ लाखांवर आल्या. सिचुआन प्रांताने २०२३ मध्ये जन्मनोंदणीसाठी विवाहाची अट काढून टाकली. तरीही अविवाहित स्त्रीला स्वतःची बीजांडे गोठवून ठेवायची असतील, तर रुग्णालय तिला परत पाठवते; त्याविरुद्ध एका स्त्रीने बीजिंगमध्ये लढलेला खटला ती २०२४ मध्ये अपिलातही हरली.