विकर थांबलं की नुसता प्रकाश अडला?

हळदीतलं कर्क्युमिन अमुक विकराला रोखतं, म्हणून तमुक रोग बरा होतो, असा मजकूर मोबाइलवर आला नाही असा हळदीचा एकही हंगाम सांगलीत जात नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण विकर थांबलं हे कळलं कसं, हे कुणी विचारत नाही.

विकर म्हणजे एन्झाइम, शरीरातल्या अभिक्रिया वेगानं घडवणारं प्रथिन. ते रोखणारी औषधं पुष्कळ आहेत: कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन्स, रक्ताच्या एका कर्करोगावरचं इमॅटिनिब. नवे रोधक शोधताना हजारो रसायनं तपासावी लागतात. ३८४ खळग्यांची प्लॅस्टिकची थाळी घ्यायची, प्रत्येक खळग्यात विकर, त्याचं कच्चं द्रव्य आणि एक उमेदवार रसायन. अभिक्रिया झाली की निळसर प्रकाश वाढेल अशी सोय केली, तर सगळी थाळी काही मिनिटांत मोजून होते.

गोम इथेच आहे. कर्क्युमिन पिवळं दिसतं, कारण ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतं. विकर बिचारं काम करतच असतं. प्रकाश तेवढा कमी पोचतो आणि यंत्र म्हणतं, रोधक सापडला! कर्क्युमिनच्या अशा फसवणुकींचा सविस्तर आढावा २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त आला होता. हळदीचं दूध खुशाल प्या, महागड्या गोळ्या घेताना मात्र थांबा.

मला भावते ती दुसरी वाट: आधी वेगळं करा, मग मोजा. कायनेज हे विकर एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूवरचा फॉस्फेट काढून एका छोट्या पेप्टाइडला, म्हणजे प्रथिनाच्या तुकड्याला, जोडतं. हे मिश्रण सी-१८ स्तंभातून, म्हणजे बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, सोडायचं. आतल्या सिलिकाच्या कणांवर अठरा कार्बनच्या तेलकट साखळ्या असतात. फॉस्फेटवर ऋण भार असल्यामुळे फॉस्फेटवालं पेप्टाइड पाण्यात रमतं, साखळ्यांना फारसं चिकटत नाही, म्हणून लवकर बाहेर पडतं. कोरं पेप्टाइड मागून येतं. तेलकट कर्क्युमिन त्याहून मागे रेंगाळतं, ते मधे लुडबुडत नाही. आलेखावर या दोन पेप्टाइडांची दोन शिखरं उमटतात. पहिल्याचं क्षेत्रफळ भागिले दोघांची बेरीज, म्हणजे किती अभिक्रिया झाली ते. सुईनं नमुना जरा कमी उचलला तरी दोन्ही शिखरं सारख्याच प्रमाणात खुजी होतात, गुणोत्तर हलत नाही. रोधकाची मात्रा वाढवत हे गुणोत्तर मोजत गेलं की विकराचं निम्मं काम थांबवणारी मात्रा, म्हणजे आयसी-५०, मिळते.

अडचण वेळेची. एका नमुन्याला पाच मिनिटं धरली तर ३८४ नमुन्यांना ३२ तास. कारखान्यावर वजनकाटा एकच असला की उसाच्या ट्रॅक्टरांची होते तशी ही रांग. स्तंभातून द्रव्यं वेगळी करण्याच्या या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. रांगेवर उपाय समांतर क्रोमॅटोग्राफी: २४ स्तंभ शेजारी शेजारी, एकाच वेळी चालणारे. १६ फेऱ्या, ८० मिनिटं. सगळ्यांना एकाच पंपाचा प्रवाह वाटून दिला, तर एखादा स्तंभ जरा घट्ट भरलेला असला की द्रव बाकीच्यांकडे पळतो आणि त्याची शिखरं उशिरा येतात. तरी गुणोत्तर त्या त्या स्तंभातच काढायचं असल्यानं फारसं बिघडत नाही.

एक लबाडी मात्र स्तंभालाही पकडता येत नाही. काही रसायनं पाण्यात विरघळण्याऐवजी सूक्ष्म गोळे करतात, कर्क्युमिनही त्यातलंच. विकर त्या गोळ्यांना चिकटून खरंच थंडावतं, आणि स्तंभ तेच प्रामाणिकपणे सांगतो. म्हणून तीच चाचणी ०.०१ टक्के ट्रायटन हे साबणासारखं द्रव्य घालून पुन्हा करतात. गोळे फुटून विकर पुन्हा कामाला लागलं, तर ते रसायन यादीतून बाद.