नहाणी ट्रॅपमधले पाणी

मे महिन्यात गावी गेलेली मंडळी ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरची किंवा खारघरची बंद सदनिका उघडतात, तेव्हा न्हाणीघरातून अनेकदा गटाराचा वास येतो, आणि ही ‘नकारात्मक ऊर्जा’ असल्याचे सांगून कोपऱ्यात खडेमिठाची वाटी ठेवायला लावणारे सल्लागारही हमखास भेटतात. मीठ फार तर हवेतील थोडा ओलावा शोषून घेईल. वासाचे कारण फरशीतल्या जाळीखाली असते.

तिथे नहाणी ट्रॅप बसवलेला असतो. त्याच्या खोलगट भागात थोडे पाणी कायम साचून राहते आणि सांडपाण्याच्या पाइपमधील हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू अडवते. याच तत्त्वावर अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये शौचकूपाखालच्या वळणदार नळीचे पेटंट घेतले होते. साचलेल्या पाण्याची उंची ५० मिलिमीटर असेल, तर ते सुमारे ४९० पास्कल इतका दाबफरक पेलते, म्हणजे वातावरणीय दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला की उभ्या पाइपमधून कोसळणारे पाणी हवाही सोबत ओढून नेते, त्यामुळे त्याच्या मागे दाब घटतो आणि तळाच्या वळणापाशी वाढतो. हा चढउतार ४९० पास्कलच्या पुढे गेला, तर ट्रॅपमधले पाणी एक तर पाइपकडे खेचले जाते किंवा त्यातून गुडगुड करत बुडबुडे वर येतात. म्हणूनच हवा आत-बाहेर होऊन हा दाब सावरावा यासाठी गच्चीपर्यंत नेलेला व्हेंट पाइप पक्ष्यांच्या घरट्याने बुजता कामा नये.

बाष्पीभवनापुढे मात्र व्हेंटचा इलाज चालत नाही, आणि इथे स्नानाच्या चालीरीतींचा संबंध येतो. आपल्याकडे बादली-तांब्याने किंवा शॉवरखाली, फरशीवरच आंघोळ होत असल्याने ट्रॅप रोज भरतो. जपानमध्येही टबाबाहेर अंग धुऊन मगच टबात उतरतात. युरोपातील बहुतेक घरांत आंघोळीचे पाणी टबाच्या किंवा शॉवर-ट्रेच्या स्वतःच्या ट्रॅपमधून जाते आणि फरशीला बऱ्याचदा जाळीच नसते. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत जाळ्या होत्या, पण अनेक घरांत फरशी धुण्याऐवजी पुसली जात असल्याने ट्रॅप कोरडे पडले होते. २००३ मध्ये तिथे तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्स या श्वसनरोगाची लागण झाली, तेव्हा एक्झॉस्ट पंख्यांनी याच वाटेने विषाणूयुक्त तुषार घरात ओढले असावेत, असा निष्कर्ष तपासात निघाला.

ठाणे-नवी मुंबईच्या नव्या इमारतींत काचेचे पार्टिशन घालून न्हाणीघराचा अर्धा भाग कोरडा ठेवण्याची पद्धत रुजली आहे. त्या कोरड्या भागातही जाळी असेल, तर तिच्यात आठवड्याला तांब्याभर पाणी ओतावे. महिनाभर घर बंद ठेवायचे असेल, तर त्यावर चमचाभर खाद्यतेल सोडावे, म्हणजे तेलाच्या थरामुळे बाष्पीभवन मंदावते.