एसआर गोळी आणि ईसी गोळी: कुटायची नाही, पण का?

नागपुरात मेडिकल चौकातल्या किंवा धंतोलीतल्या कुठल्याही औषध दुकानात ‘ही गोळी कुटून दिली तर चालेल का?’ हा प्रश्न नेहमीचा. घरात गिळायला त्रास होणारी आजी असते आणि खलबत्ता हाताशी असतो. पट्टीवर एसआर (सस्टेन्ड रिलीज, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) किंवा ईसी (एन्टेरिक कोटेड, म्हणजे आतड्यात सुटणारं कवच असलेली गोळी) लिहिलेलं असेल तर उत्तर ‘नाही’. पण दोन्हींच्या ‘नाही’ची कारणं पार वेगळी आहेत, आणि ती कळली तर पेशंट ऐकतो, असा माझा विश्वास आहे.

ईसी गोळीवर मेथाक्रिलिक आम्लाच्या पॉलिमरचं (लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाचं) किंवा तशाच एखाद्या पॉलिमरचं पातळ कवच असतं. उपाशीपोटी जठराचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण १ ते ३ असतो. तिथे पॉलिमरच्या साखळीवरचे आम्लगट भाररहित राहतात, म्हणून कवच विरघळत नाही. गोळी लहान आतड्यात उतरली आणि पीएच ५.५ ते ६ च्या वर गेला की त्याच गटांवर विद्युतभार येतो आणि कवच निघून जातं. आजूबाजूची परिस्थिती बदलली की स्वतः बदलणाऱ्या अशा पदार्थालाच स्मार्ट पॉलिमर म्हणतात. प्रयोगशाळेत ही गोळी आधी २ तास आम्लात ठेवतात. तिथे ती टिकली पाहिजे, आणि नंतर पीएच ६.८ च्या द्रावणात सुटली पाहिजे.

ॲसिडिटीवरचं पॅन्टोप्राझोल कुटलं तर जठरातलं आम्ल औषधच नासवून टाकतं. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक कुटलं तर उलट, औषध जठराला झोंबतं. कुटणं तर सोडाच, बद्धकोष्ठतेवरची बिसाकोडिलची गोळी दुधाबरोबर किंवा अँटासिडबरोबर घेतली तरी जठरातला पीएच वाढून कवच तिथेच सुटू शकतं आणि पोटात कळा येतात.

एसआरला जागेशी देणंघेणं नसतं, वेळेशी असतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन एसआरमध्ये बहुधा एचपीएमसी नावाचा पॉलिमर औषधात मिसळून दाबलेला असतो. पाणी लागलं की गोळीचा बाहेरचा थर फुगून जेल होतो. त्या जेलमधून औषध तासन्‌तास झिरपत राहतं आणि जेलही हळूहळू झिजत जातं. जेल ऐकायला जास्त आधुनिक वाटतं, पण इथे ते कुठलाही इशारा ओळखत नाही; जठर असो वा आतडं, आपल्या गतीने काम करतं. ही गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम रक्तात उतरतो. रक्तदाबाच्या एसआर गोळीत हे फार धोक्याचं आहे.

कधी शौचात मऊ, फुगलेली गोळी दिसते आणि लोक घाबरतात. औषध बहुधा शोषलं गेलेलं असतं, उरतो तो पॉलिमरचा सांगाडा.

अर्धी करण्याचा प्रश्न थोडा वेगळा. रक्तदाबावरच्या मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही एसआर गोळ्यांत औषध स्वतंत्र आवरण असलेल्या बारीक कणांत असतं, म्हणून मधल्या रेषेवर त्या मोडता येतात, पण कुटता किंवा चावता येत नाहीत. रेष नसेल तर मोडू नये. ईसी गोळी तर मोडायचीच नाही, कवच उघडं पडतं.

आणि पॅन्टोप्राझोल व मळमळीवरचं डॉम्पेरिडोन एकत्र असलेली, ‘डीएसआर’ लिहिलेली कॅप्सूल? तिच्यात दोन्ही आहेत: पॅन्टोप्राझोल ईसी, डॉम्पेरिडोन एसआर. आतला माल कुटला की एक औषध जठरात नासतं आणि दुसरं एकदम सुटतं. गिळताच येत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. मेटफॉर्मिनची साधी गोळी कुटता येते, ती दिवसातून दोन-तीनदा विभागून देता येते; पण हा बदल आणि नवा डोस त्यांनीच लिहून द्यायला हवा.