खाऱ्या पाण्यातील शोभिवंत माशांचे रोग आणि उपचार : पार्श्वभूमी

खानदेशाला समुद्र नाही. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर आहे, आणि जळगाव, धुळे किंवा भुसावळच्या घरातील सागरी टाकीत जे खारे पाणी असते, ते आरओच्या पाण्यात तयार क्षारमिश्रण विरघळवून घरीच केलेले असते. मासा मात्र पुष्कळदा खऱ्या समुद्रातून पकडलेला असतो आणि अनेक व्यापाऱ्यांच्या टाक्यांमधून, पिशवीत बंद होऊन, दमलेल्या अवस्थेत येथवर पोहोचतो. अशा माशाबरोबर परजीवी येणे ही नवलाची गोष्ट नाही. त्यांना ओळखण्याची आणि आवरण्याची रीत कशी घडली, हे पाहिले म्हणजे गोड्या पाण्यातील सवयीचे उपाय येथे का फसतात, हेही कळते.

आपल्याकडे बहुतेकांचा हात बसतो तो गोल्डफिश, गप्पी किंवा गुरामी यांच्यावर. अंगावर पांढरे ठिपके दिसले की पाण्यात खडेमीठ घालायचे आणि हीटरचे तापमान वाढवायचे, हा उपाय तेथे लागू पडतो. गोड्या पाण्यातील त्या परजीवीचे वर्णन फूके यांनी १८७६ मध्ये केले होते. समुद्री माशांवरही तसेच ठिपके दिसत असल्यामुळे रोग तोच असावा, असा समज दीर्घकाळ टिकला. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ मध्ये या सागरी रोगाची नोंद केली आणि १९५१ मध्ये ब्राउन यांनी त्याच्या कारक जीवाला ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’ हे नाव दिले. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले तेही याच वर्षी. पुढे जनुकीय अभ्यासातून हे दोन्ही परजीवी एकमेकांचे जवळचे नातलगही नाहीत, हे स्पष्ट झाले. म्हणजे ठिपक्यांचे साम्य केवळ वरवरचे होते.

याहून घातक रोगाची ओळख थोडी आधी पटली होती. माशाच्या कल्ल्यांवर आणि त्वचेवर चिकटून राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाचे वर्णन १९३१ मध्ये झाले. आज तो ‘अ‍ॅमिलूडिनियम’ म्हणून ओळखला जातो आणि छंदप्रेमी त्याच्या रोगाला ‘व्हेल्वेट’ म्हणतात. न्यूयॉर्क मत्स्यालयाच्या रॉस निग्रेली यांनी १९३६ मध्ये त्याचे जीवनचक्र तपशीलवार मांडले : माशाच्या अंगावर पोसलेला जीव गळून तळाशी जातो, कोष करतो, आणि त्या एका कोषातून पुन:पुन्हा विभाजन होत २५६ पर्यंत पोहणारे जीव बाहेर पडू शकतात. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत मोलाचे काम हेच आहे, कारण औषध नेमके कोणावर चालवायचे, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच नीट विचारता आला.

त्याचे उत्तर सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील रॉबर्ट डेम्प्स्टर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले, ते कॉपर सल्फेटच्या रूपात. हे म्हणजे खानदेशातील प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचे मोरचूद, चुन्याबरोबर कालवून ज्याचे बोर्डो मिश्रण होते तेच. तांबे अंगावरच्या किंवा कोषातल्या जीवाला मारत नाही. ते फक्त पोहत्या अवस्थेला मारते, म्हणून पुढची पिढी माशापर्यंत पोहोचेपर्यंत त्याची मात्रा सतत टिकवून धरावी लागते. ही मात्रा लिटरमागे साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढ्या अरुंद पट्ट्यात असावी लागते; कमी पडली तर रोग वाचतो, वाढली तर मासा दगावतो. शिवाय प्रवाळाची वाळू व चुनखडीचे दगड पाण्यातील तांबे शोषून घेतात, आणि कोळंबी, शंख, प्रवाळ यांना तांबे विषारी असते. शेतीच्या दुकानातले मोरचूद चमच्याने मापून मुख्य टाकीत टाकणे, हा म्हणूनच उपचार नव्हे.

औषधाविना उपाय पुढे इस्राएलमधील एलात येथून आला. अँजेलो कोलॉर्नी यांनी १९८५ मध्ये पाण्याची क्षारता उतरवून, आणि १९८७ मध्ये मासे दर तीन दिवसांनी स्वच्छ करून वाळवलेल्या आणि नव्याने पाणी भरलेल्या टाकीत हलवून, असे चार वेळा करून क्रिप्टोकॅरिऑनचे चक्र तोडता येते, हे दाखवले. कोषातून नवे जीव फुटण्यास किमान तीन दिवस लागतात आणि तोवर मासा तेथून निघून गेलेला असतो, एवढेच त्याचे मर्म. मात्र क्षारता उतरवण्याचा उपाय अ‍ॅमिलूडिनियमवर चालत नाही, कारण तो कमी खाऱ्या पाण्यातही तग धरतो. निदान चुकले तर मधले मौल्यवान दिवस वाया जातात, ते येथेच.

त्यामुळे डोळ्यांनी पाहणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, दोन्हींची जोड लागते. क्रिप्टोकॅरिऑनचे ठिपके मीठ भुरभुरल्यासारखे सुटे दिसतात. व्हेल्वेटची बारीक, सोनेरी छटेची पूड अंधारात टॉर्च आडवा धरला तरच नजरेस पडते, आणि कित्येकदा त्याआधीच माशाचा श्वास जलद झालेला, खाणे सुटलेले असते. त्वचेवरचा किंवा कल्ल्यावरचा थोडासा चिकट द्रव काचपट्टीवर घेतला, तर पहिला केसाळ गोल जीव हळूहळू फिरताना दिसतो, दुसरा एका टोकाने चिकटून स्थिर राहतो. आपल्या भागातील ज्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवले जाते, तेथे याला पुरेल असा सूक्ष्मदर्शक सहज असतो. तो वापरू देण्याची विनंती करण्यात संकोच नसावा.

खानदेशचा उन्हाळा या गणितात स्वतःची भर घालतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, बाष्पीभवनाने टाकीची क्षारता चढते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि कल्ल्यांवर परजीवी असलेल्या माशाला तोच आधी अपुरा पडतो. नव्या माशासाठी वाळू-दगड नसलेली वेगळी टाकी ठेवण्याचा आग्रह धरला जातो, तो या सर्व कारणांमुळे. रोग मुख्य टाकीत शिरलाच, तर सर्व मासे बाहेर काढून तेथे एकही मासा न ठेवता प्रवाळ आणि शंख तसेच राहू द्यावे लागतात. क्रिप्टोकॅरिऑनचे काही कोष फुटायला ७२ दिवसांपर्यंत घेतात, म्हणून मासेही तितके दिवस दूर ठेवावे लागतात.